तू बस, मी बघतो!

सभ्यपणाच्या नावाखाली जगात जेवढी लबाडी खपते, तेवढी लबाडीच्या नावाखालीसुद्धा खपत नसेल. लबाड माणसाकडे लोक निदान संशयानं तरी बघतात. सभ्य माणसाला चहा देतात. म्हणून आज मला एका अत्यंत सभ्य वाक्याविरुद्ध फिर्याद गुदरायची आहे. हे वाक्य मध्यमवर्गीय घरातल्या प्रत्येक गाडीत, पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, हँडब्रेकसारखं बसवलेलं असतं. ते वाक्य म्हणजे, "तू बस, मी बघतो!"

पेट्रोल भरायचंय? तू बस, मी बघतो. चाकात हवा कमी वाटते? तू बस, मी बघतो. पीयूसीची मुदत संपली, विम्याचा हप्ता आला, वायपर काच पुसायच्या ऐवजी काचेवर रांगोळी काढायला लागला... तू बस, मी बघतो. बाई बसते. वर्षानुवर्षं बसते. आणि हा वर्षानुवर्षं बघतो.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय आहे? बिचारा नवरा उन्हात उतरतो, बायकोला सावलीत बसवतो. यालाच दाक्षिण्य म्हणतात. म्हणतात खरं! पण हे दाक्षिण्य नेमकं कुठल्या कामाला जागं होतं आणि कुठल्या कामाला गाढ झोपतं, तेही जरा बघा. हवा भरायला दहा मिनिटं लागतात, तिथं ते टक्क जागं असतं. आंबेनळी घाटातल्या चौथ्या वळणावर धाकट्यानं गाडीत ओकलं, की मात्र "तू बस, मी बघतो" हे वाक्य आजवर कुणाच्या कानावर आलेलं नाही. आणि आमच्या मराठवाड्यात तर पाण्याचा टँकर नावाचं आणखी एक वाहन आहे. उन्हाळ्यात तो गल्लीत आला, की डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी घेऊन कोण पळतं? त्या वेळी गल्लीतलं समस्त दाक्षिण्य कट्ट्यावर बसून, टँकर उशिरा का आला, यावर चर्चा करत असतं. भरलेली घागर उचलणारी बाई नाजूक नसते, पण हवेचा नळ चाकाला लावायची वेळ आली, की तीच बाई एकाएकी नाजूक होते. हे गणित मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही.

तुळजापूरहून फार लांब नाही, नळदुर्गचा किल्ला आहे. तिथं बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे पडतात. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. नदी एक, पाणी एक, बांध एक, पण आपण मंडळी पाण्यालासुद्धा नर-मादी म्हटल्याशिवाय राहत नाही. गाडीच्या कामांचंही आपण तेच केलंय. ऑईल, हवा, स्टेपनी, पॉलिसी ही नर कामं. सीटकव्हरं धुणं, सीटखालच्या शेंगांची टरफलं वेचणं, डिकीत डबे आणि सतरंजी नीट लावणं ही मादी कामं. गाडीला या वाटणीची काहीही खबर नसते.

आता माझंच बघा. मी तुळजापुरात एका बँकेत कारकून. मला ताळेबंद जुळवता येतो, रेडिएटर ओळखता येत नाही. आमच्या सौभाग्यवती शाळेत विज्ञान शिकवतात. तेव्हा लग्नानंतर आम्ही सरळ हिशेब केला. यंत्राचं तिनं बघायचं, कागदाचं मी. आमच्या घरात यावरून कधी तंटा झाला नाही. तंटा होतो तो रस्त्यावर. सोलापूर रस्त्यावर एकदा चाक बसलं. ही खाली उतरली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, जॅक चढवायच्या आधी नट ढिले केले (आधी जॅक चढवला तर चाक नुसतं गरगर फिरतं, असं ती सातवीच्या मुलांनाही सांगते), आणि चाक बदलून समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायला लागली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. एवढ्यात एक मोटारसायकलवाले थांबले. मला म्हणाले, "काय साहेब, बाईला कामाला लावलंत?" मी म्हटलं, "अहो, मीही कामालाच आहे. छत्री कोण धरणार?" ते गृहस्थ माझ्याकडे असे बघत गेले, जणू मी परीक्षेला दुसऱ्याला बसवलंय. पुढं पंक्चरच्या दुकानातही तोच प्रकार. चाक हिनं उतरवलं, खिळा कुठं घुसलाय ते हिनं दाखवलं, आणि दुकानदार मला विचारतो, "ट्यूबलेस हाय का, सायेब?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक, त्यांना विचारा." त्यानं विचारलं नाही. त्यानं चाकालाच विचारलं.

पुरुषानं बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघायचं असतं, हा आपला कुळाचार आहे. कार्ब्युरेटरचा जमाना होता तोवर त्याला काही अर्थ तरी होता. कचरा काढला, प्लग पुसला, की गाडी चालू होण्याचा संभव असे. आता सगळा कारभार सेन्सर आणि कॉम्प्युटरकडे गेला. तरी आमचे लोक बॉनेट उघडतात, बॅटरीला दोन टपल्या मारतात, "हंऽऽ" म्हणतात, आणि मग कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावतात. तो फोन लावायला मिशी लागत नाही.

"बायकांना यंत्रातलं कळत नाही हो!" हे दुसरं पालुपद. मिक्सर, शिलाई मशीन, वॉशिंग मशीन ही काय पानाफुलांची केलेली असतात? बरं, थेट मोटारीचंच बोलू. कार्ल बेंझ यांनी मोटार केली, १८८६ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण लांबच्या प्रवासाला ती काढण्याचा धीर कुणाला होईना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याच्याच मोटारीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं माहेरी जाण्यासाठी केला. आणि तो झाला याचं कारण उघड आहे, "तू बस, मी बघतो" म्हणणारा त्या वेळी झोपलेला होता!

जर्मनी लांब वाटत असेल तर सोलापूरला या. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. त्यांनी ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली आणि १३ मार्च २०२३ रोजी वंदे भारत एक्स्प्रेस सोलापूरहून मुंबईला नेली. साडेचारशे किलोमीटर, आणि वाटेत बोरघाट. त्या गाडीत किती नवरे बसले होते, हे मला ठाऊक नाही. पण त्यांतला एकही इंजिनाशी जाऊन "बाई, तुम्ही बसा, मी बघतो" म्हणाल्याचं ऐकिवात नाही. मात्र त्यांतलेच काही जण घरी आल्यावर बायकोला म्हणाले असतील, "कशाला उगं गर्दीत गाडी काढतीस? मी सोडतो की!"

त्यानंतर चारच दिवसांनी, १७ मार्च २०२३ पासून, आपल्या एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. यावर काही पुरुष मंडळी फार चिडली. समानता पाहिजे म्हणता आणि सवलतही घेता, असा त्यांचा सवाल. माझं म्हणणं असं, की मदत कुठली आणि ताबा कुठला, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. आज केलेल्या उपकारामुळं उद्या ती बाई एकटी कुठं जाऊ शकते का? अर्ध्या तिकिटामुळं ती लेकीला भेटायला, दवाखान्यात, तुळजापूरला दर्शनाला एकटी जाऊ शकते. म्हणजे ती मदत. "मी सोडतो की" यामुळं ती जाऊ शकते का? जाते, पण याला वेळ असेल तेव्हा, याच्या वाटेवर असेल तिथं, आणि याचा मूड असेल तर. हा ताबा. फक्त त्याला अत्तर लावलेलं आहे.

आमच्या तुळजापुरात तर हे सगळं फारच विसंगत दिसतं. लांबलांबून लोक नवी गाडी घेऊन देवीच्या पायाशी येतात. हार, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. गाडीला ओवाळायचं बाईनं. लिंबावरून गाडी काढायची बुवानं. आणि आत गाभाऱ्यात जी बसलीय ती कोण? आठ हातांत आयुधं धरून महिषासुराला आडवं करणारी, सिंह हे स्वतःचं वाहन बाळगणारी. भक्तिणीनं हाक मारल्यावर त्वरेनं धावून आली म्हणून ती त्वरिता, त्वरितेची तुरजा, आणि तुरजेची तुळजा झाली, असं आमच्याकडे सांगतात. ती धावून आली! कुणी नेऊन सोडायची वाट बघत बसली नाही. तिच्या दारात, तिच्या साक्षीनं, नवी कोरी किल्ली आपण न चुकता शर्टाच्या खिशात टाकतो. सदऱ्याला खिसा असतो आणि साडीला नसतो, हे कारण मला पटत नाही. साडीला कंबर असते, आणि कंबरेला किल्ल्यांचा जुडगा आपल्या आज्ज्या बाळगत होत्या.

यात बायकांचाही वाटा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. "मला नाही बाई त्यातलं कळत" हे वाक्य उन्हाळ्यात फार सोयीचं असतं. पण ही सोय उधारीवरची असते. आणि उधारीचा हिशेब शेवटी आमच्या बँकेत येतो.

आमच्या काउंटरवर महिन्यातून एकदा तरी एक बाई येतात. नाव बदलतं, गाव बदलतं, हातातली प्लॅस्टिकची पिशवी बदलत नाही. पिशवीत पासबुक, ठेवीच्या पावत्या, विम्याचे कागद, गाडीचं आरसी बुक. मृत्यूचा दाखला सगळ्यांत वर. बाई सगळं काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हे सगळं हेच बघायचे." अशाच एक बाई गाडीच्या कर्जाचं विचारायला आल्या होत्या. गाडी आठ महिने अंगणात उभी, बॅटरी उतरलेली, चाकं बसलेली. येईल त्या भावाला विकायची म्हणत होत्या. मी विचारलं, "तुम्हाला चालवता येते का?" त्या म्हणाल्या, "वीस वर्षं शेजारी बसले, साहेब. सोलापूरपर्यंतचा खड्डा न् खड्डा पाठ आहे. पण डावीकडून." यावर कुठल्या फॉर्ममध्ये काय भरायचं, ते मला सुचलं नाही.

आणि तेवढं लांब तरी कशाला जायचं? रात्री दोनला ह्याच्याच छातीत दुखायला लागलं तर? १०८ ला फोन करायचाच. पण रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली असेल तर धाराशिव किंवा सोलापूर गाठायला दारात गाडी आहे, टाकीत पेट्रोल आहे, चाकात हवा आहे, कारण ते सगळं यानं बघितलंय. फक्त चालवणाऱ्यालाच आज मागच्या सीटवर आडवं केलंय. अशा वेळी "तू बस, मी बघतो" हे वाक्य तिच्या तोंडी असायला हवं होतं. पण ते तिला वीस वर्षांत म्हणूच दिलेलं नाही. दुसऱ्याला दुबळं ठेवून आपण बळकट दिसतो खरे, पण दुखणं काही बळकटांना वगळत नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. त्या अर्जात "नवऱ्याचा मूड" असा रकाना नाही. शिकवणी मात्र मोटार ट्रेनिंग स्कूलकडे लावा. नवऱ्यानं शिकवायला घेतलं की तो डावीकडं बसून नसलेला ब्रेक दाबतो आणि बायको गाडी सोडून संसार कसा चालवावा हे शिकते. पुढं एक महिना पेट्रोल तिनं भरावं, हवा तिनं बघावी, फास्टॅगचे मेसेज तिच्या मोबाईलवर यावेत. आणि या महिन्यात सीटखालची टरफलं यानं वेचावीत. धाकट्याचं ओकणंसुद्धा.

संयुक्त खातं चालवायच्या आमच्याकडं निरनिराळ्या तऱ्हा आहेत. एक "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर". म्हणजे पहिला हयात आहे तोवर खातं एकट्या त्यानं चालवायचं, आणि तो गेल्यावर दुसऱ्यानं. आपल्या घरातल्या बहुतेक गाड्या याच पद्धतीनं चालतात. दुसरी तऱ्हा "आयदर ऑर सर्व्हायव्हर". दोघांपैकी कुणीही, केव्हाही, दुसऱ्याला न विचारता. संयुक्त खातं उघडायला येणाऱ्या नवरा-बायकोला आम्ही बहुधा हीच सुचवतो, आणि नवरे मंडळी समजूतदारपणे मान डोलावून सही करतात. पैशाच्या बाबतीत जे कळतं, ते चार चाकांच्या बाबतीत कळायला काय हरकत आहे? यंदाच्या दसऱ्याला गाडीला हार घातल्यावर फॉर्म बदलून टाका. त्यासाठी बँकेत यायची गरज नाही. दुसरी किल्ली कपाटात पडलीच आहे.