कुरकुर गुडघ्याची की सायकलीची?

सेनगाव तालुक्यातील साखरा हे माझे आजोळ. गेल्या दिवाळीनंतर तेथे गेलो असता मामांच्या घरी एक वाद चालू होता. मामांचे वय 71. रोज सकाळी सायकलीवरून शेताकडे एक फेरी मारायची आणि परतताना पारावर घटकाभर बसायचे, हा त्यांचा नेम. मामी गेल्यापासून दिवसाचा तेवढाच भाग त्यांचा स्वतःचा उरला आहे. काही महिन्यांपासून त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला होता आणि पायडल मारताना पायाला मध्येच हिसका बसत होता. “दादा, आता सायकल बास झाली. पडलात तर खुब्याचे हाड मोडेल. तिला मोडीत घालू,” असे मामेभावाचे म्हणणे. मामा गप्प होते.

मुलाची भीती खोटी नव्हती. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडले तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. परंतु सायकल काढून घेण्याचीही किंमत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. सायकलीवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, म्हणून दुखऱ्या गुडघ्यालाही ती पुष्कळदा चालण्यापेक्षा सुसह्य वाटते. ती थांबवायची असेल तर कारण तरी नक्की ठाऊक असावे.

मी सायकल स्टँडवर लावली. दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे ज्यांच्या टोकांना पायडल असते ते लोखंडी दांडे, हातांत धरले आणि आत-बाहेर हलवून पाहिले. ही तपासणी कोणत्याही घरात दोन मिनिटांत होते. दोन्ही क्रँक एकदम हलले तर दोष मधल्या आसात. एकच क्रँक हलला आणि दुसरा स्थिर राहिला तर त्याची कॉटर पिन सैल. क्रँक पक्के असून नुसते पायडल डुलत असेल तर दोष पायडलचा. मामांच्या सायकलीत दोन्ही क्रँक एकदम हलत होते. चेन उतरवून ते फिरवले, तेव्हा आत वाळू भरडल्यासारखे लागले.

सायकलीच्या सांगाड्यात अगदी तळाशी, दोन्ही पायडलच्या मधोमध, एक आडवी पोकळ नळी असते. तिच्यातून जाणाऱ्या आसाला दुकानदार बीबी एक्सल म्हणतात. नळीच्या दोन्ही तोंडांशी एकेक कप बसवलेला असतो आणि कप व आस यांच्यामध्ये पोलादी छर्रे फिरतात. साध्या सायकलीत हे छर्रे पाव इंचाचे असून सुटे घातल्यास प्रत्येक बाजूस 11 लागतात. बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसे येथे ग्रीस लागते. सीटच्या नळीतून उतरणारे पावसाचे पाणी याच पोकळीत साचते. काळ्या मातीचा चिखल त्यात मिसळला, किंवा मोटारीच्या पाण्याची जोरदार धार मारून सायकल धुतली, की ग्रीस वाहून जाते. मग छर्रे आणि त्यांची वाट झिजते, आस डुलू लागतो आणि प्रत्येक फेऱ्यात पाऊल किंचित बाजूला सरकते. तरुण माणूस ते सहज सावरून घेतो. ज्याचा गुडघा आधीच दुखतो आणि तोल कमी झाला आहे, त्याला तोच हिसका पाडू शकतो.

ही सायकल मूळची मामांच्या नातीची. मानव विकास कार्यक्रमातून शाळा दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. नात शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर तिची सायकल आजोबांकडे आली. मधली आडवी दांडी नसल्याने पाय फार उंच न उचलता तिच्यावर बसता येते, म्हणून ज्येष्ठांना अशी सायकल सोयीची असते. मात्र शाळेची वर्षे संपेपर्यंत तिचा तळ कधी उघडलाच गेला नव्हता. मध्यंतरी कोणीतरी डावा कप नुसता आवळून दिला होता. आवाज आठ दिवस थांबला आणि पुन्हा वाढला. झिजलेले भाग आवळल्याने झीज भरून येत नाही, उलट छर्रे दाबले जाऊन ती वाढते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानात काम झाले. कॉटर पिन ठोकून काढणे ज्येष्ठांनी घरी करू नये. मात्र सोबत्याने दुकानात उभे राहून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. आस पुसून छर्रे फिरतात ती वाट पाहावी. तेथे खड्डे दिसले तर आस बदलावा, कपांत दिसले तर कपही बदलावेत. छर्रे दोन्ही बाजूंचे सगळे नवे घालावेत. जुन्यांत नवे मिसळले तर मोठ्या राहिलेल्या नव्या छर्‍यांवरच सारा भार येतो. नळी पुसून भरपूर ग्रीस भरावे. बहुतेक सायकलींत चेनकडील उजव्या कपाचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावला तर आटे जातात. डावा कप बसवताना डुलणे थांबेल इतकाच आवळावा, मग त्यावरची रिंग घट्ट करावी आणि क्रँक हाताने अडथळ्याशिवाय फिरतो ना, हे पाहावे. कॉटर पिना नव्या घ्याव्यात. आठवडाभर सायकल चालवल्यावर त्यांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. हीच गोष्ट बहुधा राहून जाते. शहरातील हलक्या रोड बाईकमध्ये अनेकदा छर्रे बंद नळकांड्यात असतात. तेथे ग्रीस भरत बसायचे नसते, झिजलेला संचच बदलतात. त्याचे माप सांगाड्याशी जुळावे लागते आणि क्रँक ओढून काढण्याचे खास हत्यारही लागते.

सायकल दुरुस्त झाली, तरी गुडघ्याचे दुखणे पुरते गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. हिसका थांबला, कुरकुर थांबली. डॉक्टरांनी तपासून गुडघ्याची झीज असल्याचे सांगितले आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला: खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, काही क्षण धरायचा, हळूच खाली आणायचा. सीटही थोडी वर केली. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीट फार खाली असली तर गुडघा अधिक वाकतो आणि वाटीमागे दाब वाढतो. मात्र थांबताना पाय जमिनीला टेकला पाहिजे, म्हणून सीट वर घेतानाही बेताने घ्यावी.

काही वेळा सायकल खरोखरच थांबवावी लागते. चक्कर येणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, छातीत दुखणे किंवा अलीकडेच शुद्ध हरपणे, यांपैकी काही घडले असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. गुडघा सुजत वा अडकत असेल, तरीही दाखवून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला साधा मारही धोक्याचा ठरतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि हेल्मेटशिवाय निघू नये.

मामांच्या घरी शेवटी तोडगा निघाला. अंधार पडल्यावर सायकल नाही, चिखलाच्या दिवसांत नाही, मोठ्या रस्त्यावर नाही. मामांनी तिन्ही अटी मान्य केल्या आणि एक अट आपली घातली: पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर क्रँक हलवून पाहायचे काम मुलाने करायचे. मुलाने ते कबूल केले. सकाळची फेरी चालू आहे.