बिब्ब्याचं विष नेमकं कुठे असतं?

शनिवारी अंबरनाथ पश्चिमेला दुकानांच्या चौकटींवर आणि रिक्षांच्या पुढ्यात नवी लिंबू-मिरची चढते. त्या दोऱ्यात पुष्कळदा एक काळा बिब्बाही ओवलेला असतो. दृष्ट लागते की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला काळजी आहे ती त्या बीची. रानालगतच्या माणसाला या फळाचं काय खायचं आणि कशाला बोट लावायचं नाही, हे लहानपणापासून माहीत असतं. शहरात बी आली, माहिती आली नाही. बिब्ब्यामुळे होणाऱ्या इजेचं मूळ मला झाडापेक्षा या तुटीत जास्त दिसतं.

बिब्बा हा आपल्या पानझडी जंगलातला, आंबा आणि काजूच्या कुळातला वृक्ष. पावसाळ्याच्या आगेमागे तो फुलतो आणि हिवाळ्यात फळतो. देठाकडचा नारिंगी गरदार भाग पिकला की लोक तो वाळवून किंवा भाजून खातात. त्याच्या टोकाला काळी बी असते. बीच्या आत पांढरी गोडंबी असते, ती बाळंतिणीच्या लाडवात पडते. खाण्याजोग्या या दोन भागांच्या मधे आहे ते कवच, आणि विष त्या कवचात. त्यातल्या बारीक कप्प्यांमध्ये दाट तेल भरलेलं असतं. सुईने बी टोचली की तेच तेल बाहेर येतं. बिब्बा ओवणाऱ्याच्या बोटांना धोका आहे तो इथे.

हे तेल सुकलं म्हणजे निवळलं, असंही नाही. धोबी कपड्यांवर खुणेसाठी बिब्ब्याचं तेल वापरत. चुन्याबरोबर ते पक्कं काळं होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर कपड्यावरची खूण जिथे टेकायची, नेमकं तिथेच खाजरं पुरळ उठू लागलं. त्यांच्या डॉक्टरांनी 1943 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. धुतलेल्या कपड्यावरचा एवढासा ठिपकाही पुरला! ही ॲलर्जी आहे. ती प्रत्येकाला होत नाही आणि झाली तरी बहुधा एक-दोन दिवसांनी दिसते. म्हणून ‘मी तर हाताळला, मला काही झालं नाही’ हा पुरावा दुसऱ्याच्या कामाचा नाही.

‘पण आयुर्वेदात बिब्बा औषध आहे’ असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. चरकसंहितेच्या रसायन प्रकरणात भल्लातकाचे, म्हणजे बिब्ब्याचे, प्रयोग आहेत. मात्र त्याच ग्रंथाने त्याला अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटलं आहे आणि गुण येतो तो विधीने वापरल्यावरच, असं बजावलं आहे. वैद्य विटेच्या पुडीत घोळून, धुऊन त्याची शुद्धी करतात. औषधांविषयीच्या 1945 च्या नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीतही भल्लातक आहे. त्यामुळे बाटलीवर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. दुखऱ्या गुडघ्याला घरीच बिब्बा लावून फोड आणणाऱ्याला या परंपरेचा आधार सापडणार नाही. सुट्या बिब्ब्याच्या पुडीवर मात्र अक्षरही नसतं. तिथे मोठ्या अक्षरांत इशारा हवा.

मग झाडच तोडावं, हा उपाय मला पटत नाही. गोडंबीवर अनेक घरं चालतात. विदर्भात बायका एकेक बी ठेचून गोडंबी काढतात; तेल उडून त्यांचे हात आणि चेहरे भाजतात. झाड गेलं तर त्यांची इजा थांबेल, पण कमाईही जाईल. त्यांना हवेत हातमोजे, बंद भांड्यात बी फोडणारं साधं यंत्र आणि हा खर्च निघेल असा गोडंबीचा भाव. लाडवासाठी पाव किलो गोडंबी घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो वाढीव भाव कुरकुर न करता द्यायला हवा.