अकरा वर्षांपर्यंत नंबर नकोच! क्लेबोची कारकीर्द काय सांगते?



फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात नॉर्डिक स्कीइंगची जागतिक स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्री प्रकारात पुरुषांच्या सहा शर्यती होत्या आणि सहाही सुवर्णपदकं एकाच खेळाडूला मिळाली. त्याचं नाव योहानेस होसफ्लोट क्लेबो. असा पराक्रम करणारा तो पहिलाच पुरुष खेळाडू. त्याच्याबद्दल वाचताना मला पदकांपेक्षा त्याचं बालपण जास्त महत्त्वाचं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. स्कीइंग म्हटलं की बर्फाच्या उतारावरून घसरत येणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. क्रॉस-कंट्रीत मात्र चढसुद्धा स्वतःच्या ताकदीवर चढावा लागतो. पायांत लांब, अरुंद स्की, हातांत दोन काठ्या आणि समोर चढउतारांची बर्फाची वाट. यातली स्प्रिंट साधारण दीड किलोमीटरची, तीन मिनिटांच्या आसपास संपणारी. सर्वांत लांब शर्यत ५० किलोमीटरची, तिला दोन तासांच्या घरात वेळ लागतो. म्हणजे बघा, ८०० मीटर जिंकणाऱ्यानेच मॅरेथॉनही जिंकावी, तसं हे झालं!

क्लेबोचा जन्म १९९६ चा, ओस्लोचा. वाढला ट्रॉन्डहाइममध्ये. दोन वर्षांचा असताना आजोबांनी त्याला नाताळची भेट म्हणून स्की दिल्या. हेच आजोबा, कोरे होसफ्लोट, पुढे त्याचे प्रशिक्षक झाले आणि तो जगज्जेता झाल्यावरही राहिले. पण लहानपणी तो काही चमकणारा तारा नव्हता. वयाच्या मानाने चण लहान. बरोबरीची मुलं भराभर उंच आणि दणकट झाली, हा मागे राहिला. ताकदीत त्यांची बरोबरी होणार नव्हती, पण तंत्र शिकता येत होतं. आज चढावर तो स्की घालूनच अक्षरशः धावत सुटतो, ती त्याची जगभर ओळखली जाणारी पद्धत आहे.

आता विचार करा. बाराव्या वर्षी कुणी यादी लावून 'पहिले दहा ठेवा, बाकीचे घरी पाठवा' असं केलं असतं, तर या मुलाचं काय झालं असतं?

नॉर्वेत तसं होत नाही, कारण तिथे नियम आहे. तिथल्या राष्ट्रीय क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये मुलांचे खेळातले हक्क लेखी मान्य केले. मूल सहा वर्षांचं झालं की आपल्या भागातल्या छोट्या स्पर्धेत उतरू शकतं. पण निकालाची यादी, गुणतक्ता, क्रमवारी हे सगळं अकराव्या वर्षापासून पुढे. बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना. राष्ट्रीय अजिंक्यपदासारख्या स्पर्धा तेराव्या वर्षाआधी नाहीत. थोडक्यात, स्पर्धा चालू आहेत, नंबर मात्र थांबवलेत.

क्लेबोची पुढची कारकीर्दही हेच सांगते. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये २१ व्या वर्षी त्याने तीन सुवर्णपदकं जिंकली. स्प्रिंट, सांघिक स्प्रिंट आणि रिले. लगेच शिक्का बसला, 'हा स्प्रिंटचा माणूस.' २०२१ मध्ये जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला ५० किलोमीटरच्या शर्यतीत तो सर्वांत आधी पोहोचला, पण शेवटच्या टप्प्यात रशियाच्या बोल्शुनोव्हशी झालेल्या धडकेमुळे त्याला बाद ठरवलं गेलं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरच्या शर्यतीत तर दमून तो थेट ४० वा आला. शिक्का मारणाऱ्यांना आणखी काय पुरावा हवा होता? पण तीनच वर्षांनी, ट्रॉन्डहाइमला घरच्या लोकांसमोर, त्याने स्प्रिंटही जिंकली आणि ५० किलोमीटरही.

२१ व्या वर्षीच्या जगज्जेत्याबद्दल जाणकारांचा अंदाज चुकतो, तर दुसरीतल्या मुलाबद्दल आपण इतकं ठामपणे कसं बोलतो? 'याचं गणित कच्चंच', 'ती मागच्या बाकावरचीच.' एकाच वर्गात जूनमधली आणि मेमधली मुलं शेजारी बसतात. सात वर्षांच्या मुलांमध्ये अकरा महिन्यांचा फरक किती मोठा असतो, हे पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

काही पालक म्हणतील, 'सर, मॅडम, नंबर नसला तर मूल अभ्यासच करणार नाही.' नॉर्वेतली मुलं नंबर नसतानाही बर्फात उतरतात, पडतात, पुन्हा उठतात. कारण तिथे मित्र असतात, मजा असते. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली, तो तोपर्यंतचा विक्रम होता. हे फक्त त्या नियमामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे बर्फ आहे, पैसा आहे, गावोगावी क्लब आहेत. पण लहानपणी नंबर न लावल्याने त्यांचं नुकसान झालं नाही, एवढं तर नक्की दिसतं.

आपल्याकडच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातही नंबर नाही. श्रेणी आहे, वर्णनात्मक नोंदी आहेत. तरी प्रगतिपुस्तक हातात पडलं की पहिला प्रश्न येतो, 'वर्गात कितवा?' आणि आपणही कधी कधी पहिल्या तिघांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकून मोकळे होतो. त्या ग्रुपवर उरलेल्या मुलांचेही आईबाबा असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की किमान पाचवीपर्यंत शाळेने क्रमांक जाहीर करू नयेत आणि पालकांनी ते विचारू नयेत. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या महिन्याशी करावी. जूनमध्ये जोडाक्षरं अडत होती, आता परिच्छेद वाचतो, ही नोंद आईवडिलांना आवर्जून सांगावी. शाळेच्या क्रीडादिनी शेवटून पहिला येणाऱ्यालाही पुढच्या वर्षी मैदानात उतरावंसं वाटलं पाहिजे. एवढं जमलं तर आपलं निम्मं काम झालं. उंची, ताकद आणि समज आपापल्या वेळेने येतात, तोपर्यंत मूल खेळात आणि अभ्यासात टिकून राहिलं पाहिजे.

यंदाच्या पालकसभेत हा विषय जरूर काढा.