काका, गाडीची डायरी बघू का?

नाशिकमध्ये सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं, की घरातला एक तरी मामा पुढे सरसावतो. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेला. बॉनेट उघडणार, स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं कानाला लावणार आणि दोन मिनिटांत निकाल देणार, ‘मस्त आहे रे’ किंवा ‘सोड ही गाडी!’ शेवटी हे मायको सर्कलचं गाव. मायकोची बॉश २००८ मध्ये झाली, पण सर्कलचं नाव कुणी बदललं नाही. २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली तीही याच शहरातून. त्यामुळे इंजिनातलं आपल्याला कळतं, यावर नाशिककरांचा पूर्ण विश्वास!

पण मामांच्या कानाला एक गोष्ट ऐकू येत नाही. गाडी स्वतःबद्दल जे लिहून ठेवते, ते.

परवाचीच गोष्ट घ्या. ऑफिसातली एक मैत्रीण पहिलीवहिली गाडी घेणार होती. चार वर्षांची सेव्हिंग्ज, वर थोडं लोन. गंगापूर रोडवरच्या एका काकांची २०१८ ची डिझेल हॅचबॅक तिला जाम आवडली. रंग चकाचक, सीटकव्हर नवीन, मामांचा निकालही ‘मस्त’. टोकन द्यायला निघालो, तेव्हा मी खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली.

‘काका, दोन मिनिटं हे लावून बघू का?’

‘बघ की बाळा. गाडी एकदम टकाटक आहे.’

डबीचा फंडा

स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ हात घाला. सोळा पिनांचं एक सॉकेट लागेल. हेच ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं एप्रिल २०१३ मध्ये. मूळ हेतू प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा. पण त्यामुळे झालं काय, की इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायची एक कॉमन भाषा तयार झाली.

डबी पोर्टमध्ये खोचायची, ब्लूटूथने फोनला जोडायची आणि टॉर्कसारखं एखादं अ‍ॅप उघडायचं. बस्स! आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, आत जाणारी हवा, सगळं स्क्रीनवर. ‘लॉग’चं बटण दाबलं, की ठराविक वेळाने एकेक ओळ फाइलमध्ये उतरते. घरी येऊन ती एक्सेलमध्ये उघडा, ग्राफ तयार! एक्सेल तर आपल्या रक्तातच आहे, नाही का?

काकांच्या गाडीत फॉल्ट कोड शून्य. मैत्रिणीचा चेहरा खुलला. मी मात्र पुढचं पान उघडलं. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ अशी एक नोंद बऱ्याच गाड्या ठेवतात. तिथे आकडा होता ६ किलोमीटर. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते, त्यातल्या निम्म्याअधिक ‘अपूर्ण’. सोप्या मराठीत सांगायचं, तर पाटी नुकतीच पुसलेली होती!

‘कालच बॅटरी बदलली,’ काका म्हणाले. हेही शक्य आहे बरं का. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत या नोंदी कोऱ्या होतात. म्हणजे एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवणं बरोबर नाही. मग उपाय काय? गाडी चालवायची आणि पुन्हा वाचायची.

घाटात परीक्षा

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. काका स्वतः स्टिअरिंगवर, फोन माझ्या हातात. (गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. हा नियम पहिला आणि शेवटचा.) जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईला जाणारे बरेच जण बोगद्यातून सुसाट निघतात. पण इंजिनची परीक्षा घ्यायची, तर कसारा घाटासारखी जागा नाही. खाली उतरलो, चहा घेतला आणि चढायला लागलो.

कूलंट ८८ अंशांवर होतं. चढावर ट्रकमागे अडकल्यावर ९७ पर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. माथ्यावर आल्यावर पुन्हा ९० च्या आसपास. थर्मोस्टॅट, पंखा, रेडिएटर, तिघंही आपापलं काम चोख करत होते. इंजिन खरंच तगडं होतं. मामा पास!

घोटीजवळ गाडी थांबवून कोड पुन्हा वाचले. डॅशबोर्डवर दिवा नव्हता. पण अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’च्या खाली एक ओळ आली होती, पी ०४०१. बरेचसे दोष एकदा दिसले की गाडी आधी पेंडिंगमध्ये टिपून ठेवते. पुढच्या फेरीत पुन्हा दिसले, की मगच दिवा लावते. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून पुरेसा प्रवाह जात नाही. एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनमध्ये पाठवणारी ही यंत्रणा. डिझेल गाडी नेहमी छोट्या छोट्या फेऱ्या मारत असेल, तर तिथे काजळी साचते.

मी स्क्रीन काकांपुढे धरली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे तो दिवा... गॅरेजवाला दर वेळी पाचशे रुपये घ्यायचा आणि म्हणायचा, काम केलं. तीनदा झालं असं. परवाही झालं, विकण्याआधी.’

आम्ही आलो होतो काकांना पकडायला. निघाले काकाच फसलेले!

पुढचं सरळ होतं. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये ईजीआर उघडली. आत काजळीचा थरच थर. साफ केली, नवा पार्ट लागलाच नाही. कारण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. तो फक्त दुखतंय कुठे ते सांगतो. ‘पी ०४०१ आलाय, व्हॉल्व्ह बदला’ असं कुणी म्हटलं, की आधी साफ करून बघायला सांगा. खर्च काकांनी दिला. चार दिवस गाडी चालवली, तपासण्या पूर्ण झाल्या, पेंडिंग कोरं. मग सौदा झाला, ठरलेल्याच किमतीत. घाटाचा ग्राफ बघितल्यावर मैत्रीण भाव पाडायला तयारच नव्हती!

डबी घेण्याआधी

आयफोन असेल, तर साधी ब्लूटूथ डबी बहुतेक चालणार नाही. वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाली घ्या. डबीवर ‘ईएलएम ३२७’ लिहिलेलं दिसेल. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, बाजारात नकला मात्र उदंड. काही नकला काही गाड्यांशी बोलतच नाहीत. तेव्हा परत घेणाऱ्याकडूनच विकत घ्या. काम झालं, की डबी काढून ठेवा. गाडी उभी असतानाही ती बॅटरी खाते. आणि ‘कोड पुसा’ हे बटण? दोष दुरुस्त होईपर्यंत हात लावायचा नाही. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकण्यासारखंच आहे ते.

परवा काकांचा फोन आला. नवी गाडी घेतायत, तीही सेकंडहँड.

‘बाळा, रविवारी मोकळा आहेस का? आणि येताना ती डबी घेऊन ये.’