डोंबिवलीची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचावी की उजवीकडून, ती एकच. एक हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग होय. गुणाकार मांडून पाहावा. नऊ ओळींत तेच नऊ एक, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज करीत गेले की पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, असे चढत मधल्या घरात नऊ आणि पुढे उतरण. हातचा कोठेही येत नाही, हेच या डौलाचे रहस्य. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे निघते. डौल गेला!

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. डेम्लो हे डोंबिवली स्थानकाचे जुने नाव. कल्पना सुचली ती तेथे. १९०५ साली डहाणूस जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर होते. सिकंदराबादेहून मनमाडमार्गे मुंबईस जाणाऱ्या आपणा हैदराबादकरांच्या खिडकीपुढून ही दोन्ही स्थानके सरकून जातात. तेथे आपण चहावाल्यास शोधतो, इतकेच.

आता या संख्येचा दुसरा गुण. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आज तो शब्द जगभर चालतो. येथील आमच्या घरांतील मुले इंग्रजी माध्यमात संगणक शिकताना 'हर्षद नंबर' हुडकण्याचा पाठ गिरवतात आणि तो शब्द परकाच समजतात, याची आम्हांस खंत वाटते. शब्दाची फोड करून सांगण्यास आईवडिलांना अर्धे मिनिट पुरेल.

कापरेकरांना विद्यार्थिदशेत, १९२७ साली, रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले होते. मात्र पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांचे काम पुष्कळ गणितज्ञांना पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे नाव सर्वतोमुखी झाले. उच्च गणिताच्या तराजूत डेम्लो संख्यांचे वजन फार नसेलही. पण पाटी-पेन्सिलीवर पडताळता येईल असे नवे काही शोधणे सोपे नव्हे, असे आमचे मत आहे.

एका एकापासून नऊ एकांपर्यंतचे नऊ वर्ग घ्यावेत. त्यांत हर्षद तीनच: पहिला १, शेवटचा आपण पाहिलेला. मधला कोणता, ते मुलांनी शोधावे. सम एकांच्या वर्गांवर वेळ दवडू नये. त्यांच्या अंकांची बेरीज सम येते आणि ते स्वतः मात्र विषम असतात.