अज्जीचं जोगुळ आणि सहा तारा

२०१९ च्या दिवाळीत आमच्या धाकट्यानं आजोबांचं गाणं मोबाइलवर टिपलं. सासरे धारवाडचे. सोफ्यावर बसून त्यांनी दासरपद म्हटलं, नातवानं गिटारवर साथ केली आणि मोबाइल ठेवला गिटारच्या पोटासमोरच्या टीपॉयवर. २०२१ मध्ये सासरे गेले. पुढं कधीतरी ते रेकॉर्डिंग लावलं, तर गिटार नुसती घुमते आहे आणि अज्जा परसातून गात असावेत तसा आवाज. दोन-तीन जाणकारांना ऐकवलं. सगळ्यांचं उत्तर एकच, जे टिपलंच नाही ते मागाहून आणता येत नाही.

यंदा बेंगळूरला आमच्या थोरलीला मुलगी झाली. अज्जींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं जोगुळ तिच्यासाठी हवं होतं. अज्जींना ब्याऐंशी चालू आहे, दोन ओळींनंतर दम लागतो. धाकटा म्हणाला, "बाबा, या वेळी नीट करूया."

मला वाटलं, आता महागडा माईक मागणार. पण त्यानं आधी खोली बदलली. आमचा हॉल म्हणजे खाली शहाबादी फरशी, उघड्या भिंती. टाळी वाजवली की घुमून परत येते. मोबाइल तेवढंच इमानानं टिपतो. मागच्या खोलीत साड्यांचं कपाट उघडं टाकलं, कॉटवर गादी होतीच, दोन खुर्च्यांच्या पाठीवर कौद्या टाकल्या. (आमच्याकडं वाकळ म्हणतात, सौ. कौदी म्हणते, लग्नाला तीस वर्षं झाली, वाद मिटलेला नाही.) टाळी आता कोरडी वाजली.

मग माईक. गिटारचं भोक दिसतं म्हणून आवाज तिथूनच येतो, असं आपण समजतो. तिथून पोटातली हवा घुमते, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. माईक तिथं धरला की बाकी तारा त्याखाली दबतात. अज्जांच्या वेळी नेमकं हेच झालं. गिटारचा गळा धडाला मिळतो तिथं, म्हणजे बाराव्या पट्टीच्या आसपास, दीड वितीवर माईक धरला की तारही ऐकू येते आणि लाकूडही.

पण इथं गाणं मुख्य होतं. माईक एकच, लहानसा. तो अज्जींच्या तोंडापासून एक वीत आणि जरा बाजूला, म्हणजे 'प'चा फुत्कार थेट त्यावर येत नाही. धाकटा तीन हात लांब. गिटार मोठी वाटली तर बटण फिरवायचं नाही, खुर्ची मागं सरकवायची. नखी ठेवून त्यानं अंगठ्याच्या मांसानं तारा छेडल्या. तारा आदल्या दिवशी नव्या घातल्या होत्या. नव्या तारा उतरतात, त्यामुळं दर वेळी सूर लावणं आलंच. अज्जींची पट्टी पांढरी दोन. दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावून त्यानं सी-चे हात धरले, काम झालं. लयीसाठी कानात टकटक लावून पाहिली, पण अज्जींनी इयरफोन काढून ठेवला. जोगुळाची लय पाळण्याची असते, घड्याळाची नव्हे. टकटक बंद.

बेंद्रे मास्तरांना १९७३ चं ज्ञानपीठ 'नाकुतंती'ला मिळालं, त्यात तारा चार. घरात मराठी आणि लेखणीत कन्नड असलेला माणूस तो. आमच्या खोलीत त्या दिवशी सहा तारा होत्या, गाणं कन्नड आणि भांडण मराठीत.

भांडण बांगड्यांवरून. अज्जी हातानं ताल धरतात, बांगड्या किणकिणतात. "काढ ना अज्जी." "तेगेयल्ला!" शेवटी त्यांवर रुमाल बांधला. पंखा बंद. तरी कुठून तरी घूं ऐकू येत होतं; शोधलं तर स्वयंपाकघरातला फ्रीज. आणि वाचकहो, तेवढ्यात लाईट गेली! एरवी आपण बोटं मोडतो. लॅपटॉप बॅटरीवर होता, अख्खी गल्ली शांत झाली, शेजारची बोअरची मोटारसुद्धा. धाकटा कुजबुजला, "अज्जी, ईग!"

आवाजाची पातळी त्यानं मुद्दाम कमी ठेवली होती. काट्यानं वरची हद्द ओलांडली की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. मोबाइलवर करणाऱ्यांनी एवढं पाहावं, की काही ॲप आवाज आपोआप कमी-जास्त करतात. ती सोय बंद करता आली तर करावी.

नंतरची सफाई थोडकी. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, कारण गिटारची सर्वांत जाड तारच ८२ ची. खरखर काढायचं औषध मात्र त्यानं जपून वापरलं. जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल तारीख घालून दोन ठिकाणी ठेवली, बेंगळूरला एमपीथ्री पाठवली.

तिसऱ्या ओळीनंतर अज्जींचा श्वास ऐकू येतो, चांगला मोठा. तो काढू का, असं धाकट्यानं विचारलं. सौ. नको म्हणाली. शेवटी रेकॉर्डिंग चालू असतानाच अज्जी विचारतात, "इन्नोम्मे हाडलेनु?" तेही आम्ही तसंच ठेवलं आहे. थोरलीचा फोन आला, पोरगी गाण्यापेक्षा त्या प्रश्नालाच हसते म्हणे.