चाकाची खुर्ची आणि कमरेचे पिस्तूल

चेन्नईच्या पश्चिमेला आवडी नावाचे उपनगर आहे. मराठी कानाला नाव गोड लागते, पण गावाची ओळख मात्र रणगाड्यांची. विजयंतापासून अर्जुनपर्यंतचे रणगाडे इथल्याच कारखान्यातून बाहेर पडले. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्यालय आवडीत आहे आणि आपल्या अंबरनाथचा एक कारखानाही तिच्याच अखत्यारीत आहे. तेव्हा आवडीच्या वसाहतीत एखादे मराठी बिऱ्हाड सापडले तर नवल नाही.

समजा, अशाच एका बिऱ्हाडातले गृहस्थ माजी सैनिक आहेत. अपघातात मणक्याला मार बसला, कमरेखालचे अंग निकामी झाले आणि चाकाची खुर्ची आली. पत्नी कारखान्यात नोकरीला. दिवसभर घरात एकटे. ते म्हणतात, ''मी सीमेवर पहारा दिला. आता बेल वाजली की छातीत धडधडते. मला पिस्तूल घेऊ द्या. बाहेर जाताना शालीखाली ठेवीन, कुणाला दिसणार नाही.'' पत्नीला हे मुळीच पसंत नाही. दोघांचेही चूक नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न घरात धुमसत राहतो.

आधी कायदा पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्यासाठी अपात्र कोण, ते सांगितले आहे. एकवीस वर्षांखालील, मनाने अस्थिर, ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेले वगैरे. त्या यादीत अपंगत्व नाही. मात्र २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, त्यात शरीर आणि मन दोन्हींची तपासणी येते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. परवाना देणारा अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त, अर्जदार 'अयोग्य' वाटल्यास नकार देऊ शकतो. हा शब्द फार ऐसपैस आहे. पण नकार दिला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, अर्जदाराने मागितल्यास ती सहसा द्यावी लागतात आणि त्यावर अपीलही करता येते. 'खुर्चीतल्या माणसाला कशाला हवे पिस्तूल?' असे टेबलापलीकडून कोणी तोंडी म्हटले, तर तेवढ्यावर उठून येऊ नये.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अंगावर पिस्तूल लपवून फिरायला आता परवानाही लागत नाही. आपल्याकडे तसे नाही. परवान्यासाठी जिवाला काय धोका आहे ते पटवून द्यावे लागते, नुसती धडधड पुरत नाही. गंमत अशी, की परवाना मिळाल्यावर 'लपवणे' ही सवलत उरत नाही, ती सक्ती होते. सार्वजनिक जागी पिस्तूल अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले हवे. शिवाय ते बाळगणाऱ्याच्या परिणामकारक ताब्यात हवे.

हा 'ताबा' शब्द चाकाच्या खुर्चीपाशी येऊन अडतो.

खुर्चीला सामान लटकवायची जागा पाठीमागे असते. बहुतेकांची पिशवी तिथेच असते. तिच्यात ठेवलेले पिस्तूल मागून येणाऱ्या माणसाच्या हाताला आधी लागते, मालकाच्या हाताला नंतर. कमरेला बाजूने बांधावे तर खुर्चीचा हात आड येतो. पोटाशी खोचावे तर बसलेल्या माणसाच्या बाबतीत नळीचे तोंड थेट मांडीकडे. शालीखाली मांडीवर ठेवावे तर पहिल्याच खड्ड्यात ते रस्त्यावर पडेल. त्यातल्या त्यात बरे म्हणजे छातीवर आडवा घेतलेला पट्टा आणि त्यातले घट्ट म्यान, पण चेन्नईच्या उकाड्यात त्यावर कोट कोण घालणार?

त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. २०१४ साली कानपूरच्या निर्माणीने स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्वर आणले, तेही अर्ध्या किलोचे. संवेदना गेलेल्या कमरेला किंवा कुल्ल्याला असले कठीण धातूचे वजन दिवसभर रुतत राहिले तर माणसाला कळत नाही. कळते ते जखम झाल्यावर. मणक्याचे रुग्ण या दाबाच्या जखमांनी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतात. चोराच्या भीतीने घेतलेल्या वस्तूने हे व्हावे, यापरते दुर्दैव कोणते?

आणि हात दोनच. तेच चाके फिरवतात, तेच ब्रेक लावतात, तेच खुर्चीवरून पलंगावर अंग उचलून नेतात. एक हात पिस्तुलाकडे गेला की खुर्ची एका हाताची झाली. पळायचे की रोखायचे, यातले एकच काहीतरी जमते.

याचा अर्थ बसून नेम धरता येत नाही असा नाही. कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, दहा मीटर एअर रायफलमध्ये चौथा आला. जयपूरच्या अवनी लेखराने टोकियोत आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळवले. पण तिथे खुर्ची जागेवर पक्की असते, समोर कागदी लक्ष्य असते आणि अंगावर कोणी धावून येत नाही. घराच्या दारात यातले काहीच नसते. बंदूक हातात धरायचीच ओढ असेल तर नेमबाजीचा क्लब जवळ करावा. ठरावीक ताकदीच्या .१७७ एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही.

पत्नीच्या नकारामागे आणखी एक कारण असते, जे ती नवऱ्यासमोर बोलत नाही. धडधाकट माणूस एका दिवसात खुर्चीत येतो, तेव्हा पहिली काही वर्षे मनावर काजळी धरते. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. पण दोहोंच्या मध्ये सात वर्षे होती. तिला भीती असते ती चोराची नाही, दुपारच्या एकान्ताची. हे तिने डॉक्टरांना एकटीने भेटून सांगावे. प्रमाणपत्र देणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवे. आणि नवऱ्याच्या मनात तसे विचार येत असतील, तर परवान्याचा विषय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

तोवर दाराची व्यवस्था करता येते. बसलेल्या डोळ्यांच्या उंचीला दाराचे भिंग, आत ओढता येणारी साखळी, पलंगापाशी बेल, शेजाऱ्याकडे किल्ली, गळ्यात दोरीने अडकवलेला मोबाइल आणि त्यात ११२ क्रमांक. सुताराचे दोन दिवसांचे काम आहे. अर्ज करायचाच असेल तर तो त्यानंतर करावा, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार हे दोघांनी अर्जावर सही होण्याआधी ठरवावे.